फुटबॉलच्या संघाचा धनी कोण?

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही यंदा फुटबॉलवर बोलणार हे ऐकून आमच्याच युनियनच्या काही मंडळींना हसू आले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर. तेव्हा खेळाच्या तंत्राविषयी आम्ही काही सांगावे असा आमचा अधिकार नाही. परंतु फुटबॉलच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे की तो आमच्या धंद्यातला आहे. जी वस्तू हजारो लोक आपली मानतात, तिचा कागदावरचा मालक एकच असला आणि तो एके दिवशी उठून गेला, तर त्या हजारांच्या हाती काय राहते? एवढाच तो प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात भेटला नाही, बालेवाडीच्या मैदानावर भेटला. तेथील श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभे राहिले. ते म्हाळुंगे आणि बालेवाडी या दोन गावांच्या शिवेवर आहे. पैकी म्हाळुंगे हे आमच्या मुळशी तालुक्यातले गाव. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत गेले, तरी जुनी माणसे त्याला अजून मुळशीचेच समजतात. पिरंगुटच्या कारखान्यांतली आमची तरुण पोरे दुसरी पाळी चुकवून, कधी रजा टाकून, त्या मैदानावर सामने पाहायला जात. त्यांच्या आग्रहाने आम्हीही दोनचार वेळा गेलो. खेळ अर्धाच कळला, पण गॅलरीतली माणसे पुरती कळली. जी पोरे युनियनच्या सभेला अर्धा तास बसत नाहीत, ती तेथे दोन तास उभी राहून घसा कोरडा करीत होती. ढोल त्यांचा, झेंडे त्यांचे, बसभाडे त्यांचे आणि तिकिटाचे पैसेही त्यांचे.

आता त्या मैदानाचा गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहा. २००७ साली एका उद्योगसमूहाने पुणे एफ.सी. हा संघ काढला. २००९च्या हंगामापासून तो आय-लीगमध्ये खेळू लागला आणि २०१२-१३ साली त्याने दुसरा क्रमांक मिळविला. २०१५ साली मालकांनी हात काढून घेतला आणि संघ संपला. भारत एफ.सी. हा दुसऱ्या उद्योगसमूहाचा संघ २०१४-१५चा एकच हंगाम खेळला आणि मिटला. शिवाजीयन्स हे पुण्यातले जुने नाव. तेही एका बांधकाम समूहाच्या छत्राखाली आय-लीगमध्ये आले, दोन हंगाम खेळले आणि २०१७ साली तेथून बाहेर पडले. चौथा संघ एफ.सी. पुणे सिटी. हा २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला. २०१७-१८च्या हंगामात तो प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१९ साली, त्याचा गाशा गुंडाळला गेला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. म्हणजे पाच वर्षांच्या आत एकाच मैदानावरचे चार संघ गेले. ते मैदानावर हरले म्हणून गेले असे नव्हे. दुसरा आलेला संघही गेला आणि शेवटी राहिलेलाही गेला. चारही ठिकाणी निर्णय गॅलरीच्या बाहेर झाला आणि गॅलरीला तो वर्तमानपत्रातून कळला.

आमच्या एका फिटरच्या मुलाने त्या शेवटच्या संघाचा नारिंगी सदरा हट्ट करून घेतला होता. २०१९च्या पावसाळ्यात त्याने बापाला विचारले, आपला संघ हैदराबादला राहायला गेला का? बापाने तो प्रश्न आमच्यापुढे टाकला. आम्ही वर्षानुवर्षे टाळेबंदी, स्थलांतर, कारखाना गुजरातेत नेणे असल्या प्रकरणांत घालविली आहेत, तेव्हा उत्तर आमच्या तोंडी लगेच यायला हवे होते. ते आले नाही. कारखाना बंद झाला तर कामगाराला निदान ग्रॅच्युइटी मागता येते, कामगार आयुक्तांकडे जाता येते. बारा वर्षे संघामागे फिरणाऱ्या माणसाला कोणत्या कचेरीत जाता येते? कायद्याच्या दृष्टीने तो एक गिऱ्हाईक, आणि दुकान बंद करू नका असे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

मालकांना शिव्या घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांनी पैसा घातला, मुलांच्या प्रशिक्षणाची सोय केली, चांगले खेळाडू आणले. तोटा किती वर्षे सोसावा हे ठरविण्याचा त्यांना अधिकार होता. तक्रार त्यांच्या वागण्याविषयी नसून रचनेविषयी आहे. ज्या रचनेत एकाचा कंटाळा म्हणजे सर्वांचा शेवट, ती रचना सज्जन मालकाच्या हातीही कच्चीच राहते.

मुळशीत हा प्रश्न नवा नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी या खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला तो टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि त्यासाठी मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट आदी मंडळी त्यात पडली आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव लोकांनी याच लढ्यात दिले. त्या लढ्याचा एक धडा फार कमी सांगितला जातो. बऱ्याच जमिनींचे कागदावरचे मालक पुण्याचे सावकार-जमीनदार होते आणि कसणारे मावळे वेगळे होते. मावळ्यांना जमीन हवी होती. कागदवाल्यांपुढे मात्र मोबदला वाढवून घेण्याची वाट मोकळी होती आणि अखेर पुष्कळांनी तीच धरली. लढा १९२४ साली विझला, धरण झाले, गावे गेली. जमीन जाणे आणि फुटबॉलचा संघ जाणे यांना आम्ही एका तराजूत घालीत नाही. तसे करणे हा त्या विस्थापितांचा अपमान होईल. परंतु नियम एकच आहे: ज्याचे नाव कागदावर असते तो सौदा करू शकतो, आणि ज्याचे आयुष्य तेथे रुजलेले असते तो केवळ विनंती करू शकतो.

आता फुटबॉल मूळचा कोणाचा हे पाहू. आज ज्या इंग्लिश संघांची नावे आमच्या पोरांच्या सदऱ्यांवर दिसतात, त्यांपैकी कित्येकांचा जन्म कारखान्यात झालेला आहे. मँचेस्टर युनायटेड हा मूळचा न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांचा संघ, स्थापना १८७८. वेस्ट हॅम हा टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातला, स्थापना १८९५. आर्सेनल तर नावातच आपला इतिहास सांगतो. वूलिच येथील सरकारी शस्त्रागारातील कामगारांनी तो १८८६ साली काढला. पुढे मैदानाच्या मालकाने भाडे वाढविले, तेव्हा १८९३ साली स्वतःचे मैदान घेण्यासाठी त्यांनी मर्यादित कंपनी स्थापन केली आणि तिचे शेअर्स आठशेहून अधिक लोकांनी घेतले. त्यांत बहुसंख्य हाताने काम करणारे होते. म्हणजे कंपनी झाली ती भाडेवाढीपासून वाचण्यासाठी, कोणा धनिकाला विकण्यासाठी नव्हे. पण कंपनीच्या कायद्यात मत माणसाला नसते, शेअरला असते. गरजवंत शेअर विकतो आणि सवडवाला तो विकत घेतो. १९१० साली आर्सेनल अडचणीत आला तेव्हा त्याची सूत्रे धनिकांच्या हाती गेली आणि १९१३ साली संघ वूलिच सोडून लंडनच्या दुसऱ्या टोकाला, हायबरीला गेला. ज्या कामगारांनी तो काढला त्यांच्या वस्तीतून तो उठला.

आमच्याकडे गोष्ट थोडी निराळी घडली. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स करंडकाची स्पर्धा सुरू झाली. पुढे गिरण्या, बँका, रेल्वे आणि मोठे कारखाने आपापले संघ ठेवू लागले. मफतलालचा संघ, टाटांचा संघ, महिंद्रांचा संघ ही नावे आमच्या पिढीच्या कानांवर आहेत. खेळाडूला नोकरी मिळे आणि कंपनीला नाव मिळे. ही व्यवस्था वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही, कारण तिने पुष्कळ गरीब घरांत चूल पेटविली. पण तिचा पाया तोच होता. गिरणीला उतरती कळा लागली की संघही उतरणीला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघ बंद करण्यात आला.

महाराष्ट्रात याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे कोल्हापूर. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिला नाही त्यांनी तेथे हंगामात जावे आणि शाहू स्टेडियमवर दुपारचा एक सामना पाहावा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही तेथील संघांची नावे. कंपनीचे नाव यांत एकही नाही. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, पेठेतल्या पोरांनी अंग कमवायचे ठिकाण. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या तालमींना बळ मिळाले. तेथेच पुढे लेझीम आले, गणपती आला, मोहरमचे पंजे आले आणि फुटबॉलही आला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. राजघराण्याचा आश्रय तिला आहे, पण संघ मात्र पेठांचे राहिले. खेळाडू बहुधा पेठेतला, चिटणीस पेठेतला, वर्गणी पेठेतली, आणि हरल्यावर जाब विचारणाराही पेठेतलाच. २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरच्या मातीतला.

कोल्हापुरात सर्व काही गोड आहे असे मात्र नाही. पेठेचा अभिमान कधी हाणामारीपर्यंत जातो. पोलीस बोलवावे लागतात, सामने थांबवावे लागतात. पुढारी देणग्या देतात आणि देणगीच्या मागून त्यांचे फलकही येतात. तालमीच्या कारभारात बायकांना जागा फार थोडी. हे दोष झाकू नयेत. तरीही एक गोष्ट उरतेच. देणगीदार रुसला तर तालीम गरीब होते, पण ती हैदराबादला जात नाही. तिला उचलून नेता येत नाही, कारण ती कोणा एकाच्या खिशात नाही.

बंगालमध्ये दुसरे चित्र दिसते. मोहन बागान हा क्लब १८८९चा आणि १९११ साली अनवाणी खेळून गोऱ्यांच्या संघाकडून आय.एफ.ए. शील्ड जिंकणारा. तो सभासदांचा क्लब. सभासद वर्गणी भरतात आणि कार्यकारिणी निवडतात. पण व्यावसायिक फुटबॉलचा खर्च वाढला तसा पैसेवाला भागीदार आला. २०२० साली फुटबॉलचा विभाग नव्या कंपनीत गेला. तीत ऐंशी टक्के वाटा उद्योगसमूहाचा आणि वीस टक्के क्लबचा. संघाच्या नावापुढे दुसऱ्याच संघाची अक्षरे लागली. समर्थकांनी ती अक्षरे काढा म्हणून निदर्शने केली आणि २०२३ साली ती निघाली. यावरून दोन गोष्टी कळतात. वीस टक्केवाल्याचे ऐकले जाते, पण त्यासाठी त्याला रस्त्यावर यावे लागते. आणि जेथे जुनी सभासदांची संस्था शाबूत आहे तेथेच अशी निदर्शने टिकतात. पुण्यात तशी संस्थाच नव्हती. निदर्शने करायची तर कोणाच्या नावाने करावी, हेही पोरांना ठाऊक नव्हते.

आता ज्यांनी संघ परत मिळविला त्यांची गोष्ट ऐका. लंडनमधला विंबल्डन हा १८८९ साली स्थापन झालेला संघ. १९८८ साली त्याने लिव्हरपूलला हरवून एफ.ए. करंडक जिंकला. २००२च्या मे महिन्यात त्याच्या मालकांना तो दूरच्या मिल्टन कीन्स या गावी नेण्याची परवानगी मिळाली. समर्थकांनी काय केले? त्यांनी थोड्याच दिवसांत नवा संघ स्थापन केला. गावातल्या सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि जो येईल त्याला संधी दिली. सर्वांत वरच्या लीगपासून नवव्या पायरीवर त्यांनी सुरुवात केली आणि नऊ वर्षांत, २०११ साली, फुटबॉल लीगमध्ये परत आले. २०२०च्या नोव्हेंबरात ते आपल्या जुन्या रस्त्यावर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नव्या मैदानात खेळू लागले. त्या मैदानासाठी पैसे अपुरे पडले तेव्हा समर्थकांनी रोखे घेऊन ते उभे केले. २००५ साली मँचेस्टर युनायटेड अमेरिकन धनिकांकडे गेला तेव्हा तेथील काही समर्थकांनीही एफ.सी. युनायटेड नावाचा वेगळा संघ काढला. त्याची नोंदणी त्यांनी सहकारी कायद्याखाली केली, एक सभासद आणि एक मत या तत्त्वावर. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी सहकारी दुकान काढले ते गाव मँचेस्टरपासून काही मैलांवरच आहे.

जर्मनीत हे तत्त्व लीगच्या नियमातच आहे. १९९८ साली तेथे संघांना कंपनी काढण्याची मोकळीक मिळाली, पण मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे अशा अटीवर. काही अपवाद सोडले तर ती अट टिकून आहे. २०२४च्या फेब्रुवारीत लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराशी करार करण्याचा बेत केला, तेव्हा समर्थकांनी मैदानांत टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले आणि लीगने तो बेत सोडला. पण आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो बर्लिनचा युनियन हा संघ. नावामुळे नव्हे. त्याच्या मैदानाची गॅलरी मोडकळीला आली आणि पैसे नव्हते, तेव्हा २००८-०९ साली दोन हजारांहून अधिक समर्थकांनी स्वतः पाट्या उचलून ती बांधली. सुमारे एक लाख चाळीस हजार तासांचे हे श्रमदान. २०१९ साली तो संघ देशाच्या पहिल्या लीगमध्ये गेला. आमच्याकडे श्रमदानाने बंधारे झाले, शाळांच्या खोल्या झाल्या. मैदान का होऊ नये?

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की समर्थकांची मालकी आली म्हणजे सगळे प्रश्न सुटले. तसे नाही. इंग्लंडमध्ये एब्सफ्लीट नावाचा लहान संघ २००८ साली हजारो लोकांनी प्रत्येकी पस्तीस पौंड वर्गणी भरून घेतला. पहिल्या वर्षी करंडकही जिंकला. पण हे सभासद देशोदेशी विखुरलेले. नवेपणा ओसरल्यावर वर्गण्या थांबल्या आणि २०१३ साली संघ दुसऱ्याकडे गेला. पोर्ट्स्मथचा संघ दिवाळखोरीतून समर्थकांनी २०१३ साली सोडविला, आणि २०१७ साली त्यांनीच बहुमताने तो एका अमेरिकन धनिकाला विकला. बार्सिलोनाचा क्लब एक लाखाहून अधिक सभासदांचा. ते आपला अध्यक्ष मतदानाने निवडतात. तरीही निवडून आलेल्यांनी कर्जाचा असा डोंगर केला की २०२१ साली मेस्सीला सोडावे लागले. मत असले म्हणजे शहाणपण असतेच असे नाही.

आमच्या क्षेत्रातही याचा दाखला आहे. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा कारखाना मालकांनी बुडविल्यावर तेथील कामगारांनी सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने १९८८ साली तो ताब्यात घेतला आणि पदरचे पैसे घालून चालविला. देशभरच्या कामगारांची मान त्या दिवशी उंच झाली. सुरुवातीची वर्षे चांगली गेली, पुढे भांडवलाची चणचण आणि आपसांतले मतभेद यांनी ग्रासले. या गोष्टी आम्ही युनियनच्या व्यासपीठावर बोलत नसू. विरोधकाच्या हाती कोलीत कशाला द्या, असे म्हणत असू. ती चूक होती.

आणखी एक चूक सांगतो, ती आमची स्वतःची आहे. एका कारखान्यातील युनियनचे चिटणीसपद आम्ही सलग चौदा वर्षे ठेवले. लोकांनी ठेवले असे आम्ही म्हणत असू. वार्षिक सभेत जमाखर्च वाचायचा, माना डोलवून घ्यायच्या आणि चहा द्यायचा. चौदाव्या वर्षी एका कंत्राटी मुलीने हात वर करून विचारले, “दादा, वर्गणी आम्हीपण देतो, मग मत आम्हांला का नाही?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. घटनेत तशी तरतूदच नव्हती आणि ती घटना आम्हीच लिहिलेली होती. मालकाला आम्ही जे विचारीत होतो तेच तिने आम्हांला विचारले. त्या वर्षी घटना बदलली आणि आम्ही पद सोडले. हे सांगण्याचे कारण असे की सामुदायिक मालकी ही एकदा मिळवून कपाटात ठेवायची वस्तू नाही. दरवर्षी कोणीतरी हात वर करावा लागतो आणि खुर्चीवरच्याला तो दिसावा लागतो.

तर मग मुळशीत काय शक्य आहे? सुपर लीगचा संघ आपल्याला चालविता येणार नाही. तो कोट्यवधींचा खेळ आहे आणि तेथे उडी घेणे म्हणजे पुन्हा नव्या धनिकाच्या दारात जाणे. पण विंबल्डनची मंडळी नवव्या पायरीवरून निघाली हे विसरू नये. केरळात तिरुअनंतपुरमला २०१८ साली समर्थकांच्या मालकीचा संघ निघाला, तोही लहान प्रमाणावरच. आपल्याजवळ पिरंगुटचे कारखाने आहेत, हिंजवडी-माणच्या कचेऱ्या आहेत, आणि पौडपासून ताम्हिणीपर्यंतची गावे आहेत जिथली पोरे डोंगर चढूनच शाळेत जातात. महाराष्ट्राला सहकार शिकवायला परदेशातून कोणी येण्याची गरज नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे केले, त्याचे मर्म हेच होते की उसाच्या मळीचा हिशेब ऊस पिकविणाऱ्याला विचारता आला पाहिजे. १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. त्याच सहकाराचे पुढे काही ठिकाणी घराण्याच्या वतनात रूपांतर झाले, हेही आपण पाहिले आहे. म्हणून नियम आरंभीच घट्ट लिहावेत.

आमच्या बुद्धीप्रमाणे ते पाच असावेत. एक, दर माणशी एक मत, मग वर्गणीशिवाय कोणी लाख रुपये देणगी देवो. दोन, वर्गणी एवढीच की कंत्राटी कामगाराला ती एका दिवसाच्या मजुरीतून देता यावी. पाचशे माणसांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे सहा लाख होतात. तेवढ्यात चेंडू, बूट, प्रवास, मैदानाचे भाडे आणि एका प्रशिक्षकाचा पगार यांचा मेळ काटकसरीने बसविता येईल. तीन, नाव, रंग आणि मैदान यांची विक्री किंवा बदल साध्या बहुमताने होऊ नये, तीनचतुर्थांश सभासद समोर बसून हात वर करतील तरच व्हावा. चार, कोणीही पदाधिकारी लागोपाठ दोन मुदतींपेक्षा अधिक राहू नये. हा नियम आम्ही चौदा वर्षांची फी भरून शिकलो आहोत. पाच, मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून असावा, नंतर पाहू असे नसावे.

एवढे करूनही संघ हरेल, कधी डबघाईलाही येईल. मालकाच्या संघाहून तो चांगला खेळेल असे आश्वासन आम्ही देत नाही. फरक इतकाच राहील की त्याचे काय करायचे हे ठरविणाऱ्या सभेला त्या फिटरला आणि त्याच्या पोराला बोलावणे जाईल. ते पोर आता मोठे झाले आहे, आयटीआयला आहे. तो सदरा त्याला केव्हाच अपुरा झाला, पण आईने टाकू दिलेला नाही. गेल्या महिन्यात त्याने आम्हांला गावच्या गायरानाशेजारची एक सपाट जागा दाखविली. दगड पुष्कळ आहेत. येत्या रविवारी सकाळी आम्ही काही मंडळी ते वेचायला जाणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी पाटी घेऊन यावे.